आवक क्रमांक दोनशे चौदा : गारा

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत वरकुट्यात लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि बिरूआबांची अकरा कोकरं गेली. हे गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तालुक्याच्या कचेरीला. तिथल्या पावसाच्या रजिस्टरात त्या तारखेपुढं ‘निरंक’ लिहिलेलं होतं, कारण सरकारी पर्जन्यमापक अकरा मैलांवरच्या गावात होता आणि त्या गावात तेव्हा लख्ख ऊन होतं.

आबा विचारायला गेले. साहेब म्हणाले, “गार पडली असती तर आमच्याकडं नोंद असती.”

“मग कोकरं कशानं मेली?”

“चारा जास्त झाला असेल.”

ती कोकरं अजून आईच्या दुधावर होती. आबांनी तसं सांगितलं, तर साहेब म्हणाले, त्याचीही नोंद नाही. आबा परत आले ते तापूनच. भरपाईचं त्यांनी नावसुद्धा काढलं नव्हतं. “मला दमडी नको,” ते माझ्या एसटीडीच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून म्हणाले. “वरकुट्यात गार पडली, एवढं लिवा म्हणावं. मी या वयात खोटं बोलायला गेलतो व्हय?”

त्या बाकावरच आमची हवामानाची कंपनी उभी राहिली. पेन्शनीत निघालेले रावजी गुरुजी दारात डालड्याचा डबा आणि लाकडी पट्टी ठेवून रोज सकाळी सात वाजता पाऊस मोजू लागले. डबा कोरडा असला तर वहीत ‘कोरडा’ असं लिहून खाली सही करत. गेणू पळसदेवचा. उजनीची मासळी बर्फाच्या पेटीत घालून एम-एटीवरून बारामतीला विकायचा, म्हणून पश्चिमेचं आभाळ त्याच्याकडं. आबांकडं मेंढरं. माझ्याकडं फोनजवळ बसून राहायचं काम होतं. ते मी मन लावून केलं.

पुढच्या वर्षी, पुन्हा फेब्रुवारीतच, दुपारी तीनला फोन वाजला.

“गेणू बोलतोय. एमआयडीसीच्या मागनं ढग उठलाय. वर काळा, खाली हिरवट. शेडच्या पत्र्यांवर चिंचोक्याएवढ्या गारा वाजत्यात.”

“मग तिथं काय करतोस? नीघ.”

“दोन किलो चिलापी ऱ्हायलीय.”

“वाटून टाक.”

गुरुजींनी गणित मांडलं आणि ढगाला दीड तास दिला. आबांनी नुसतं मेंढरांकडं बघितलं. मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी होती. “तासाभरात आली,” आबा म्हणाले.

“पण आबा, वाऱ्याचा वेग धरला तर...”

“मेंढरांना तुमची पट्टी म्हाईत न्हाय, गुरुजी.”

आबांनी कळप शाळेच्या व्हरांड्यात घातला. तासाभरात गेणू आला आणि त्याच्या पाठोपाठ ढग. आबांनी आधी पेटीतला बर्फ रस्त्यावर ओतायला लावला. “भेसळ नको. साहेब हुशार हाय.”

बरोबर अकरा मिनिटं गारा पडल्या. शहाणी माणसं घरात शिरली. आम्ही चौघं डोक्यावर पाट्या धरून गारा वेचत होतो. कोकरू एकही गेलं नाही. गुरुजींचं टक्कल मात्र दोन ठिकाणी फुटलं, ते त्यांनी वहीत वेळेसकट लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी घेऊन आम्ही कचेरीत. दारातच आवक टेबलावर सारजाबाई. कधीकाळी कुणीतरी साहेबांसाठी आणलेली आंब्यांची करंडी नोंदीविना आत गेली आणि मधल्यामध्ये नाहीशी झाली. तेव्हापासून उंबरा ओलांडणारी प्रत्येक चीज रजिस्टरात चढवायचा हुकूम होता. सारजाबाईंनी झाकण उघडलं, बोट घालून खात्री केली आणि लिहिलं: ‘क्र. २१४. गारा, एक पेटी. वरकुटे येथे पडलेल्या.’ पोच दिली. मग आम्ही आत.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. “हा मासळीवाल्याचा बर्फ आहे.”

आबांनी एक गार काढली, कनवटीचा अडकित्ता काढला आणि साहेबांच्या टेबलावर ती मधोमध कातरली. आत कांद्यासारखे पापुद्रे. “कारखान्याच्या बर्फाला असं असतंय व्हय?”

“काल वरकुट्यात गार पडलेली नाही. नोंद निरंक आहे.”

“मग ह्ये टेबलावर काय हाय?” गुरुजी चिडले की गावाकडचं बोलतात.

साहेबांनी पंख्याकडं बघून विचार केला. “गारा असतील. पण त्या पडलेल्या नाहीत.”

इतकं नीट उत्तर मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. साहेबांनी सारजाबाईंना हाक मारून दोनशे चौदा खोडायला सांगितलं.

“खाडाखोड चालत न्हाय, साहेब. तुमचंच परिपत्रक हाय भिंतीवर.”

तेव्हा साहेबांनी पेटी जमा करून घेतली आणि कोठीत ठेवायला लावली.

“माझी पेटी...” गेणू म्हणाला.

“जमा झाली.”

गेणू पंधरा दिवस मासळी पोत्यात घालून विकत होता आणि बारामतीची गिऱ्हाइकं त्याला नावं ठेवत होती. मग आबांच्या नावानं नोटीस आली. गुरुजींनी ती बाकावर वाचली. ‘आपण या कार्यालयात जमा केलेल्या, वरकुटे येथे पडलेल्या गारा पडताळणीत आढळून आल्या नाहीत. पेटीत केवळ पाणी आहे. सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा कारवाई करण्यात येईल.’

गेणूनं साहेबांच्या घराण्याबद्दल काही सांगितलं. गुरुजी म्हणाले, वर तक्रार करू, कोर्टात जाऊ. आबा नोटिशीकडं सरकले.

“गुरुजी, ती मधली वळ पुन्हा वाचा.”

“वरकुटे येथे पडलेल्या गारा.”

“शिक्का हाय?”

“गोल हाय. खाली साहेबांची सही.”

“लिवलं की साहेबांनी,” म्हणत आबांनी नोटीस घेतली, चार घड्या घातल्या आणि मुंडाशात खोवली.

“खुलासा काय लिहू?” गुरुजींनी पेन काढलं.

“लिवा, इरघळल्या,” आबा म्हणाले. “आन खाली लिवा, गेल्या सालच्याबी इरघळल्या. त्यांचा खुलासा आता साहेबांनी करावा. सात दिवसांत.”