काकड्या माझ्यावर चढलाच नाही

मित्रांनो, तलासरीच्या नाक्यावर भिंतीला पाठ टेकून उभा असलेला काळ्या दगडाचा, पुरुषभर उंचीचा चौथरा म्हणजे मी. म्हणजे, होतो! आता मी कसा दिसतो ते सांगतोच, जरा दम धरा.

मला बांधलं तेव्हा काय थाट होता! धोंडी गवंड्याने एकेक दगड ठोकून-घासून बसवला. नारळ फुटला, फोटो निघाले. सगळे म्हणाले, इथे आपल्या भागातल्या नामांकित माणसाचा पुतळा बसणार. मी छाती फुगवून वाट बघू लागलो आणि बघता बघता बारा वर्षं गेली. माणूसच ठरेना! एका गटाला आपला पुढारी हवा, दुसऱ्याला आपला. समितीची बैठक बसली की आधी आरडाओरडा, मग चहा, मग सगळे आपापल्या घरी. तोवर चिंचणीची शितल माझ्यावर सुक्या बोंबलांची टोपली ठेवायची आणि पान खाणारे खुशाल पिचकाऱ्या मारायचे. फार वाईट वाटायचं हो.

मग समितीवर शाळेतल्या दक्षाबाई आल्या. त्या म्हणाल्या, "आपला काकड्या तारपेवाला कसा आठवत नाही कुणाला? जाऊन तीन वर्षं झाली त्याला. दिल्लीपर्यंत नाव काढलं त्याने. त्याच्या तारप्यावर नाचला नाही असा एक तरी माणूस दाखवा."

दाखवणार कुणाला? सगळेच नाचले होते, अध्यक्ष विनोदभाऊसुद्धा! पहिल्यांदाच भांडण न होता नाव ठरलं. मला तर आनंदाने काही सुचेना.

दिवाळीच्या तोंडावर टेम्पोतून पुतळा आला. गाल फुगवून भोपळ्याचा लांबलचक तारपा फुंकणारा काकड्या, अगदी हुबेहूब. वर चढवण्याआधी त्याच्या बायकोला, शुक्रीबायला, बोलावलं. तिने टेम्पोपाशी जाऊन पुतळ्याच्या गालावरून हात फिरवला. मग ती माझ्याभोवती फिरायला निघाली आणि भिंतीपाशी अडली.

"हा इथं नाय बसायचा," ती म्हणाली.

"अगं बाय, केवढा मान देतोय आम्ही त्याला!" विनोदभाऊ म्हणाले.

"उंच चढवून, भिंतीला लावून? तारपेवाला मधी असतो, जमिनीवर. लोक त्याच्याभोवती फिरतात. नाचताना त्याला कोण पाठ दाखवत नाय. इथं कोण फिरंल त्याच्याभोवती? माझ्या म्हाताऱ्याने एकट्याने कधी वाजवलं नाय. जमत नसंल तर दुसऱ्याला बसवा."

झालं! जुन्या गटांचे डोळे चमकले. "आमचं नाव तयारच आहे," कुणीतरी लगेच बोललं. पुन्हा तीच भांडणं, पुन्हा मी रिकामा.

तेवढ्यात दक्षाबाई म्हणाल्या, "चौथराच काढू या. याच दगडांची समोरच्या मोकळ्या जागेत फरशी घालू आणि मधोमध काकड्याला उभा करू."

"इतकी वर्षं जपलेला चौथरा मोडायचा?" विनोदभाऊ ओरडले.

जपलेला? अहो, हसावं की रडावं कळेना! पण खरं सांगतो, मी घाबरलो. उंचीशिवाय माझ्यापाशी होतं तरी काय? तेवढ्यात ड्रायव्हरने टेम्पो वळवायला घेतला. शुक्रीबाय पुतळ्याकडे तोंड करून उभी होती. टेम्पो वळला तशी तीही पावलापावलाने वळली. तिने त्याला पाठ दाखवली नाही. मी मनात म्हटलं, फोडा रे बाबांनो मला.

तिचं ते वळणं सगळ्यांनीच पाहिलं आणि विनोदभाऊंसकट अख्खी समिती कबूल झाली! धोंडीनेच मला दगड दगड करून उकललं. आता मी जमिनीत पसरलोय, चांगला ऐसपैस. उद्घाटनाला काकड्याच्या पुतण्याने, मनिषने, पुतळ्याशेजारी उभं राहून तारपा फुंकला आणि शुक्रीबायने पहिलं पाऊल माझ्यावर टाकलं. तिने दक्षाबाईंचा हात धरला, बाईंनी शितलचा आणि भांडणारे दोन्ही गट एकाच फेरात शिरले. विनोदभाऊंचं पाऊल तेवढं चुकत होतं.

मित्रांनो, कुणाचा मान करायचा झाला तर त्याला कुठे, कसं राहायला आवडेल ते आधी त्याच्या माणसांना विचारा. मी एका माणसाला डोक्यावर घ्यायला आसुसलो होतो. आता भात तयार झालं की अख्खा गाव माझ्यावर नाचतो. तुम्हीही या. चपला कडेला काढा आणि खुशाल फेरात शिरा.