विनोद संपेपर्यंत उघडा

मित्रांनो, स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. वाऱ्याची झुळूक आली तरी मी कुरकुरतो. मी सेंट लुईस शहरातल्या एका विटांच्या घराचा जुना जाळीचा दरवाजा आहे. माझ्या मागे लाकडी दार आहे. ते भारदस्त, कुलूप त्यालाच लागतं. माझ्या वाट्याला आली ती माश्या-डासांची राखण आणि दिवसभराची ये-जा.

एका हौशी सुताराने मला घडवलं, हिरवा रंग दिला आणि आपोआप मिटावं म्हणून एक जाड स्प्रिंग लावली. त्या काळी माझा काय तोरा होता! कुणी आत शिरलं की मी मागून धाडकन बंद व्हायचो, आणि घरातले सांगायचे, दार असावं तर असं. पुढे रंग उडाला, स्प्रिंग सैल पडली. उघडून सोडलं की मी तिथेच लोंबकळत राहू लागलो. मालकीण मार्लीन दर वसंतात म्हणायची, यंदा याची स्प्रिंग बदलू. तिचा तो 'यंदा' काही उजाडत नव्हता.

वर्षातली एक रात्र मला नकोशी वाटते. ऑक्टोबर संपतो त्या संध्याकाळी मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. पण आमच्या शहरात खाऊ फुकट मिळत नाही. आधी विनोद सांगायचा, मगच चॉकलेट. विनोद शिळा असला तरी चालतो, पण सांगावाच लागतो. लहानगी पोरं तर निम्म्यातच विसरतात, मग मोठी भावंडं त्यांच्या कानात कुजबुजतात. तोवर घरचे मला पाठीने रेटून उभे, आणि मी सताड उघडा.

त्या वर्षी मार्लीनची सहा वर्षांची लेक जोसी वटवाघूळ झाली होती. नखशिखांत काळी. त्यांचा बुटका कुत्रा गस याला तिने लोकरीची आयाळ चढवून सिंह केलं होतं. आयाळीखाली गळपट्टा बसेना, म्हणून तो काढून खुंटीला अडकवला. घराचा फोन नंबर त्या गळपट्ट्यावरच होता. सिंहाला मात्र हे राजेपण मुळीच मानवत नव्हतं. दर घंटीला तो दचकायचा, ओळखीच्या पोरांना हुंगायचा आणि त्यांच्या तोंडांकडे पाहून मागे सरायचा. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. पायांच्या गर्दीतून जायला त्याला केवढी जागा लागणार?

मग समोरच्या घरातले मिस्टर डूली आले. म्हातारा भारी मिश्कील. गसला रोज हाडूक देणारा हा माणूस त्या दिवशी गोरिलाचा मुखवटा घालून आला होता. वास रोजचा आणि तोंड राक्षसाचं! गस भुंकायचंही विसरला.

"सांगाडा कधी मारामारी का करत नाही?" डूलींनी विचारलं.

"का बरं?" मार्लीन म्हणाली. पायऱ्यांवरची सगळी पोरं कान टवकारून उभी होती.

"कारण त्याच्या अंगात रक्तच नाही, मग ते खवळणार कसं?"

सगळे खदखदून हसले, आणि त्याच क्षणी गस त्यांच्या पायांमधून बाहेर सुसाट सुटला. मी मिटायची धडपड केली. पण सैल स्प्रिंगने मला बोटभरही ओढलं नाही.

पाहिलं ते एकट्या जोसीने. हाक न मारता ती त्याच्यामागे धावली आणि उभ्या मोटारींच्या मधून रस्त्यावर गेली. अंधारात काळं वटवाघूळ कुणाला दिसणार? एका गाडीचे ब्रेक किंचाळले. गाडी जोसीपासून हातभर अंतरावर थांबली. चालवणारी बाई खाली उतरली आणि धावत जोसीकडे गेली. मार्लीनने धावत जाऊन लेकीला घट्ट धरलं. आणि मी नुसता वाऱ्यावर हलत होतो. असली लाचारी शत्रूलाही नको.

जोसी वाचली, पण गस दिसेना. शेजारपाजारचे लोक बॅटऱ्या घेऊन निघाले. कुत्रा कसा आहे विचारलं तर सांगायचं, सिंहासारखा. गळ्यात नंबर नाही. आणि रस्त्यावर गाड्यांची रीघ. मला क्षणाक्षणाला वाटे, आता पुन्हा ब्रेक वाजणार.

शेवटी कण्हण्याचा आवाज आला तो डूलींच्याच ओसरीखालून. सगळे तिकडे धावले. चेटकिणी, समुद्री चाचे आणि तो गोरिला वाकून वाकून लाडाने हाका मारू लागले. हाका वाढतील तसतसा गस आणखी आत सरकायचा. डूली तर हाडूकही घेऊन आले, पण काही उपयोग झाला नाही.

तेव्हा जोसीने आपले पंख उतरवले, काळा मुखवटा काढला आणि मागे वळून मोठ्यांना सांगितलं, "तुमची तोंडं काढा. तो आपल्याला ओळखत नाहीये."

कुणी हसलं नाही. एकेक मुखवटा उतरला. सर्वांत शेवटी डूलींनी गोरिला काढला. घामाने भिजलेला त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. "मीच रे, गस. मीच आहे," ते म्हणाले. आधी नाक बाहेर आलं, मग आयाळ. गस सरपटत आला आणि जोसीच्या मांडीत तोंड खुपसून थरथरत राहिला.

दुसऱ्याच दिवशी डूलींनी मला नवी स्प्रिंग लावली. आता त्या संध्याकाळी गस गळपट्ट्यासह मागच्या खोलीत असतो. जोसीच्या पोशाखावर चमकत्या पट्ट्या असतात, आणि रस्ता ओलांडताना तिचा हात कुणातरी मोठ्या माणसाने धरलेला असतो. मार्लीन खाऊचं टोपलं घेऊन पायरीवर बसते आणि मला कडी असते. तरी घंटी वाजली की माझं लाकूड अजून शहारतं, मित्रांनो. त्या ब्रेकचा आवाज काही केल्या विसरता येत नाही.

तुम्ही सणाला कुठलंही सोंग घ्या, खुशाल हसा. पण घरातल्या लहानग्यांना आणि मुक्या जिवांना आधी सांभाळा, आणि मला बंद ठेवा. मी जाळीचा आहे. विनोद माझ्यातून सहज आत येतो, त्यासाठी मला उघडावं लागत नाही.