उशीवरचा ठेका

मी एक जुना टीव्ही आहे. लाकडी पेटीतला, चार पायांवर उभा, पोट मागे सुटलेला. मित्रांनो, तुमच्या घरातला टीव्ही भिंतीला चिकटलेला आणि पाटासारखा सपाट असतो, त्यामुळे मला पाहून तुम्हाला कपाटच वाटेल. एका पाहुणीने खरोखरच माझं दार शोधलं होतं. मी मनाला लावून घेतलं नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो, कारण ती कुणाच्या ध्यानातच येत नाही. मला माझं चित्र दिसत नाही. माझं तोंड तुमच्याकडे असतं ना! तुम्ही मला बघता आणि मी तुम्हाला. सिनेमात कोण मेलं, सामना कोण जिंकलं, हे मला ऐकून आणि तुमच्या चेहऱ्यांवरूनच कळतं. पण चेहरे वाचण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

मी कारखान्यात तयार झालो तेव्हा एका तपासनीस बाईंनी मला पहिल्यांदा सुरू केलं. त्यांनी चित्र पाहिलं, मग डोळे मिटून आवाज ऐकला आणि शेजारणीला म्हणाल्या, "चित्र बरं आहे. आवाज मात्र एक नंबर." ते वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे.

मी आलो तो एका लाँड्रीवाल्यांच्या घरी. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि घरभर गरम वाफेचा वास. घरात बाबा, आई, थोरली, धाकटी आणि बाबांची आत्या. आत्याला मूलबाळ नव्हतं, बाबांना तिनेच वाढवलं होतं. ती खिडकीत बसून गिऱ्हाइकांच्या शर्टांची बटणं शिवायची. सुरुवातीला माझे काय लाड होते! रोज मऊ फडक्याने पुसायचे, अंगावर विणलेलं झाकण, आणि संध्याकाळी शेजारपाजारच्यांना बसायला जागा पुरायची नाही.

मग मीही जुना झालो. चॅनल बदलायचं बटण तुटलं, ते पकडीने फिरवू लागले. डोक्यावर इस्त्री केलेल्या चादरींचा ढीग आला. पडद्यावर वरचेवर मुंग्या येऊ लागल्या. त्यावर घरात एकच औषध होतं, आईची चापट. डाव्या बाजूला, वरून एक वीत खाली, उघड्या तळव्याने, एकदाच. मी लगेच ताळ्यावर यायचो. बाबांचा हात मात्र इस्त्री ओढून जड झालेला. त्यांनी मारली की होता तो आवाजही जायचा. म्हणून बाबांनी मला हात लावायचा नाही, असा घरचा नियमच होता.

आता आत्याची गोष्ट. ती दर दोन-चार दिवसांनी सांगायची आणि मला तोंडपाठ झाली होती. सोळा वर्षांची असताना ती आपल्या दोन थोरल्या भावांबरोबर डोंगरातल्या गावाहून शहरात गेली होती. तिथे रेकॉर्ड बनवणारी माणसं आपलं यंत्र घेऊन आली होती. टोप्यांच्या रिकाम्या गोदामात त्यांनी खेड्यापाड्यांतल्या गाणाऱ्यांना बोलावलं होतं. आज ज्याला कंट्री संगीत म्हणतात, ते तेव्हा शेतावर आणि गिरणीत राबणाऱ्यांचं साधं गाणं होतं. एक भाऊ फिडल, म्हणजे व्हायोलिन वाजवायचा, दुसरा गिटार, आणि आत्या बँजो. वाजवताना तिचा उजवा पाय थांबायचा नाही. यंत्रवाला वैतागला आणि त्याने तिच्या पायाखाली उशी दिली.

"आणि दुसऱ्या कडव्यात उशी सरकली," आत्या सांगायची. "माझा पाय बसला थेट लाकडावर. धप्प! मला असं हसू फुटलं की काय सांगू. पण गाणं कोरायची मेणाची तबकडी तेवढी एकच उरली होती, म्हणून तेच ठेवलं त्यांनी."

रेकॉर्डवर नाव आलं ते फक्त 'दोन भाऊ'. मुलीचं नाव छापू नका, असं तिच्या वडिलांनीच कळवलं होतं. घरातली एकुलती एक प्रत बाबांच्या जन्माआधीच घर बदलताना फुटली. भाऊ गेले. उरला तो खिळ्याला टांगलेला बिनतारांचा बँजो.

लहानपणी बाबांनी ही गोष्ट वर्गात मोठ्या ऐटीत सांगितली होती. संगीताच्या गुरुजींनी दुसऱ्या दिवशी जुन्या रेकॉर्डांची छापील यादी आणून वाचली. दोन भाऊ, फिडल आणि गिटार. बँजो नाही, मुलगी नाही. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून आत्या बोलायला लागली की बाबा म्हणायचे, "झालं पुराण सुरू," आणि खाली जायचे. मुलीही मग हसायच्या. आत्या चिडत नसे. दोरा दाताने तोडून ती पुढचं बटण घ्यायची, पण तिचा चेहरा त्या वेळी मी पाहिलेला आहे.

अशात एका शुक्रवारी थोरलीने वर्तमानपत्रात वाचलं, की रविवारी दुपारी चारला टीव्हीवर माहितीपट आहे, कंट्री संगीताच्या आद्य कलाकारांवर. टोप्यांच्या गोदामाचाही उल्लेख होता. घरात एकदम वीजच संचारली. माझी तर पाचावर धारण बसली, कारण मंगळवारी नवा टीव्ही यायचा होता आणि भंगारवाल्याला माझ्यासाठी सांगून ठेवलेलं होतं. शेवटचं एवढं तरी नीट पार पडू दे, एवढंच माझ्या मनात होतं.

रविवारी आत्या तीनलाच माझ्यासमोर येऊन बसली. केस नीट बसवलेले, चांगला झगा, त्यावर कडक इस्त्री. धाकटीने माझ्या डोक्यावरच्या चादरी उतरवल्या आणि अंग पुसलं. किती वर्षांनी! बाबा हातात अर्धी घडी केलेली पँट घेऊन दारात उभे राहिले. "पाच मिनिटं बघतो," म्हणाले.

चार वाजले आणि माझ्या पोटातून फिडल वाजू लागलं. काय सांगू मित्रांनो, अंगावरची लाकडी पट्टी न पट्टी थरारली. निवेदक सांगत होता, माणसं दोन-दोन दिवस चालत आली, वाद्यं पोत्यात गुंडाळून आणली. एक म्हातारा गिरणी कामगार म्हणाला की आवाज घुमू नये म्हणून गोदामाच्या भिंतींवर रजया टांगल्या होत्या.

"रजया," आत्या म्हणाली. "मी सांगितलं होतं की नाही?"

"ते कुठेही वाचायला मिळतं, आत्या," बाबा म्हणाले. पण पाच मिनिटं उलटून गेली होती आणि ते दारातून एक पाऊल आत आले होते.

मग निवेदक म्हणाला, "आणि आता, दोन भाऊ." आत्याचे हात मांडीवर घट्ट झाले. आणि नेमकं तेव्हाच माझं चित्र गेलं. मला ते दिसत नाही, पण चौघांचे चेहरे एकदम पडले ते दिसले. थोरली ओरडली, "मुंग्या!" बाबा उडी मारूनच पुढे आले आणि नियम-बियम विसरून त्यांनी मला एक सणसणीत ठेवून दिली.

आवाजही गेला.

मित्रांनो, मला असं मेल्याहून मेल्यासारखं कधीच झालं नव्हतं. जन्मभर ज्या आवाजावर मिरवलो, तोच ऐन वेळी घशात अडकला. बाबा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

आई जिन्यावरून धावत वर आली. "सरका सगळे," म्हणाली. डाव्या बाजूला, वरून एक वीत खाली, उघड्या तळव्याने, एकदाच. माझ्या आत काहीतरी जागच्या जागी बसलं. चित्र आलं नाही ते नाहीच, पण आवाज आला, स्वच्छ आणि खणखणीत. गाणं सुरू झालेलं होतं.

"यादीत दोनच वाद्यं आहेत," निवेदक गाण्यावरून बोलत होता. "पण कान देऊन ऐका. मागे बँजो आहे. आणि खाली एक दबका ठेका आहे, कुणीतरी मऊ वस्तूवर पाय आपटतंय."

बाबांच्या हातातली पँट खाली पडली. ती कुणीच उचलली नाही.

आत्याचे डोळे मिटलेले होते आणि उजवा पाय फरशीवर चालू होता. माझ्यातला ठेका आणि तिचा ठेका यांत तसूभर फरक नव्हता. पहिलं कडवं संपलं, दुसरं लागलं. माझ्या आतली तार तापत होती, जळका वास मलाच येत होता. आणखी चार ओळी, मी स्वतःला बजावत होतो, आणखी तीन.

आत्याने डोळे न उघडता एक बोट वर केलं. "आता सरकेल," ती म्हणाली.

धप्प!

आणि त्यामागोमाग एक हसू, दाबलेलं आणि तरी फुटलेलं, सोळा वर्षांच्या मुलीचं. इकडे आत्याही हसली, आणि ते तेच हसू होतं. धाकटी कधी माझ्याकडे, कधी आत्याच्या पायाकडे बघत राहिली.

"ही मुलगी कोण होती," निवेदक म्हणाला, "ते आता कुणालाच माहीत नाही."

"मला माहीत आहे," बाबा मला म्हणाले. मला, भंगारात निघालेल्या टीव्हीला! मग ते आत्याच्या पायाशी फरशीवरच बसले. "वर्गात सगळे हसले होते गं," म्हणाले.

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली. "तू खोटा पडला होतास माझ्यामुळे. म्हणून तर सांगायची थांबले नाही."

मंगळवारी नवा टीव्ही आला. भंगारवालाही आला, पण बाबांनी त्याला चहा देऊन परत पाठवलं. आता मी खाली इस्त्रीच्या टेबलाशेजारी असतो. चित्र परत आलं नाही. बाबा काम करता करता माझा आवाज ऐकतात आणि मला अजून हात लावत नाहीत.

थोरलीने माहितीपटवाल्यांना पत्र लिहिलं. महिन्याभराने त्यांच्यातली एक बाई ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आली. बाबांनी बँजोला नव्या तारा चढवून आणल्या होत्या. दुकान बंद ठेवलं आणि माझ्यासमोरच खुर्ची मांडली. आत्या वाजवू लागली, अडखळली, पुन्हा वाजवू लागली. बाईंनी हात वर केला. "फार छान, पण पायाचा आवाज खूप येतोय," त्या म्हणाल्या. धाकटी उशी आणायला पळालीच होती.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरातलं जुनं माणूस तीच ती गोष्ट सांगतं, तेव्हा उठून जाऊ नका. जुन्या वस्तूला काढून टाकण्याआधी एकदा नीट ऐका, तिच्यात अजून काय शिल्लक आहे ते. आणि चापट मारायचीच झाली, तर कुठे मारायची ते आईला विचारा.

धाकटी उशी घेऊन आली तेव्हा आत्याने ती हातात घेतली, थोपटली आणि पाठीमागे टेकायला ठेवून दिली.

"पायाखाली नको," ती म्हणाली. "या वेळी ऐकू जाऊ दे."