आठे शे

बालवाडीच्या मॅडमनी लाल चेंडूवर वाटी पालथी घातली आणि तिसऱ्यांदा विचारलं,

"पुनम, चेंडू कुठे आहे?"

पावणेतीन वर्षांची पुनम पंख्याकडे बघत राहिली. मॅडमनी कागदावर 'शब्द' या चौकटीत शून्य काढलं.

"एकही शब्द नाही. मग बालवाडीत कसं घेणार, प्रज्ञाताई?"

प्रज्ञाने ओढणीचं टोक बोटाला गच्च गुंडाळलं. शेजारी तिच्या सासूबाई, मंदाबाई, मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या. धुळ्याला येताना एसटीतही त्या गप्पच होत्या.

वर्षापूर्वी प्रज्ञाने परातीतल्या पिठात बोटाने दोन ठिपके काढून त्यांना समजावलं होतं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली ती.

"ह्या मेंदूतल्या पेशी, आई. मधे फट असते. एक दुसरीला शिवत नाही."

"आते पेशीस्मा बी शिवाशिव शे का वं माय?" मंदाबाई खदखदून हसल्या होत्या.

"शिवत नाही, तरी निरोप पलीकडे पोचतो. पुन्हा पुन्हा पाठवला की वाट पक्की होते. म्हणून तिच्याशी सारखं बोलायचं. फक्त अहिराणी नको, गोंधळेल ती."

मंदाबाईंचं हसू तिथंच विरलं. त्या दिवसापासून सुनेदेखत त्या नातीशी बोलेनाशा झाल्या.

आता त्या एकदम पुढे वाकल्या.

"पुने, चेंडू कोठे शे?"

"आजी, मधे बोलू नका," मॅडम म्हणाल्या.

पुनमची नजर पंख्यावरून खाली आली. तिने वाटी उचलली.

"आठे शे."

मंदाबाईंनी झटकन खिडकीबाहेर पाहिलं. "मी काही शिकाडं नही."

मॅडमनी यादीवरून बोट फिरवलं. "हे यात बसत नाही हो. 'इथे आहे' असं प्रमाण मराठी हवं."

"लिहा," प्रज्ञा म्हणाली.

"अहो, पण..."

"दोन शब्द झाले. शून्य खोडा आणि लिहा. तुमची यादी अपुरी असेल, माझी पोरगी नाही." ती उभी राहिली होती.

मॅडमचं पेन कागदावर अधांतरी थांबलं.

प्रज्ञाने वाटी ओढून घेतली, चेंडू झाकला. शाळेत पोरं हसतात म्हणून माहेरी तिच्या आईने लहानपणीच सोडायला लावलेला शब्द तिने जिभेवर चाचपून पाहिला.

"कोठे... शे?"

पुनमने वाटीकडे पाहिलंच नाही. ती आईच्या तोंडाकडे बघत होती.