भिंतीचा दुसरा हात

बाबा भिंतीच्या कडेला उभे राहून, एक डोळा मिटून, तिच्यावरून आडवी नजर टाकत होते. रंगकाम करणारी माणसं भिंत अशीच बघतात; समोरून बघायची ती राहणाऱ्यांनी. त्यांच्या मागे हळूहळू सात-आठ लोक जमले. त्यांतल्या एका दाढीवाल्यानंही डोळा मिटला.

"दिसलं का?" बाबांनी मला विचारलं.

"काय?"

"खिडकीकडून रोलरचे पट्टे दिसतायत. एकच हात झालाय ना."

रंगाच्या एका थराला आमच्या घरी हात म्हणतात. भिंत कुणाचीही असो, दोन हात झाल्याशिवाय बाबा तिला सोडत नसत. या कलादालनाच्या भिंती ते एकोणीस वर्षं रंगवत होते. एक प्रदर्शन उतरलं की खिळ्यांची भोकं पुट्टीनं बुजवायची, घासायचा पेपर मारायचा, दोन हात पांढरा द्यायचा. लोक येत आणि भिंत सोडून बाकी सगळं बघत. बाबांच्या कामाचं यश ते हेच.

आज लोक भिंतच बघायला आले होते.

झालं होतं असं. या वेळचा चित्रकार धाडसी म्हणून प्रसिद्ध होता. मागच्या प्रदर्शनात त्यानं प्रेक्षकांना पाऊण तास कोंडून ठेवलं होतं आणि सुटल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. या वेळी त्यानं तीन आठवडे खपून दालनाच्या मोठ्या भिंतीवर ओल काढली. खरी नव्हे, रंगवलेली. बुरशीचे ठिपके, पिवळे ओघळ, एकेक करून चिकटवलेले पोपडे. चित्राचं नाव 'ओल'. नावाची पाटी मात्र अजून लागायची होती.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी दालनाच्या मॅडमनी बाबांना फोन करून सांगितलं, की भिंतींवर कुठे काही डाग राहिले असतील तर बघून घ्या. बाबांनी बघून घेतले. पत्र्यानं सगळी ओल खरवडली, पुट्टी भरली, प्रायमर मारला, पांढऱ्याचा एक हात दिला. गळतीचं मूळही शोधलं. ते कुठेच सापडेना, याचंच त्यांना नवल वाटलं. मग त्यांनी आपणहून मॅडमना फोन केला. "ओल काढलीय. उद्या दुसरा हात मारतो. काळजी करू नका."

मॅडम त्यावर बोलल्या ते एवढंच, की तुमचं काम आजपासून बंद. चित्रकारानं स्वतः माफ केलं तर बघू.

म्हणून आम्ही आलो होतो. बाबांनी ताईच्या लग्नातला शर्ट घातला होता. मी नोकरी शोधत होतो, म्हणजे घरी होतो, म्हणून मला बरोबर घेतलं. बसमध्ये त्यांनी माफीचं वाक्य चार वेळा म्हणून दाखवलं. दर वेळी ते आखूड होत गेलं. शेवटी 'चुकलं' एवढंच उरलं.

पण भिंतीपाशी आता पाटी लागली होती. चित्राचं नाव तेच, चित्रकाराचं नाव तेच. खाली बारीक अक्षरात: पुट्टी, प्रायमर, पांढरा रंग, आणि एका अनामिक हाताचा हस्तक्षेप.

"अनामिक म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"ज्याचं नाव माहीत नाही तो."

"मॅडमना माहितीये की. दर वेळी गेटपासवर लिहितात."

तेवढ्यात चित्रकार आला. मॅडमनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्यानं बाबांना मिठीच मारली. बाबांनी हात अंगापासून लांब धरले. समोरच्याच्या कपड्यांना रंग लागू नये म्हणून ते नेहमी धरतात तसे. हात स्वच्छ होते.

"चुकलं," बाबा मिठीतूनच म्हणाले.

"काका, चुकलं कसलं? माझं चित्र पूर्ण केलंत तुम्ही."

"पूर्ण कुठे? दुसरा हात राहिलाय. रोलर आणलाय मी." त्यांनी पिशवी उघडून दाखवली. "तासाभराचं काम. ही मंडळी जरा बाजूला झाली तर."

चित्रकार इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. त्यानं ते वाक्य मोठ्यानं सगळ्यांना ऐकवलं. सगळे हसले. दाढीवाल्यानं वहीत लिहून घेतलं. बाबाही थोडे हसले, कारण माफी मिळाल्यासारखी दिसत होती.

"मग सोमवारपासून येऊ ना?" त्यांनी मॅडमना विचारलं.

मॅडमनी आम्हाला खांबाआड नेलं. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी आवाज खाली आणला. भिंत आता कायमची ठेवायची ठरली होती. तिचा विमा उतरवला होता. आणि विमावाल्यांनी लिहून घेतलं होतं, की ज्यानं ती एकदा रंगवली त्याला पुन्हा इथे कामावर घ्यायचं नाही. बाकीच्या भिंतींना यंत्रानं रंग मारणारे येणार होते.

"तुमच्यावर विश्वास आहे हो माझा," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्हाला एकटं सोडलं, तर दुसरा हात माराल की नाही?"

बाबांनी विचार केला. खोटं बोलायला एवढी चांगली जागा त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"मारीन," ते म्हणाले.

मॅडमनी मान हलवली आणि त्या पाहुण्यांकडे गेल्या.

आम्ही निघालो, तर वाटेत एका मुलीनं बाबांपुढे मोबाइल धरला. "काका, या भिंतीसमोर माझा एक फोटो काढाल? भिंत पूर्ण येऊ द्या."

बाबांनी पिशवी माझ्याकडे दिली. दोन्ही हातांनी मोबाइल धरून ते मागे सरकत गेले, थांबले, गुडघ्यात वाकले. उजेड कुठून येतोय ते बघून डावीकडे दोन पावलं गेले. तिचं हसू ओसरलं तरी त्यांची भिंत सरळ होईना. शेवटी त्यांनी बटण दाबलं.

तिनं फोटो मोठा करून पाहिला. छतापासून फरशीपर्यंत भिंत आली होती; एका हाताची, खिडकीकडच्या पट्ट्यांसकट. खाली ती नखाएवढी.

"यात मी कुठेय?" ती म्हणाली.

तिनं तो आमच्यासमोरच पुसला आणि मोबाइल माझ्याकडे दिला.