पैलवानाच्या हातचं दार

"दाराची परीक्षा सारखी माझ्याकडूनच घेऊ नका, मॅडम. मला त्याची खोड कळलीय," पैलवान म्हणाला होता. मी हसण्यावारी नेलं. दाराला कसली खोड? रुसायला ते काय जावई आहे?

पैलवान आमच्याकडचा चाचणी इंजिनिअर. अंगाने काडी, म्हणून पैलवान. अंतराळयानात आग लागली तर माणसांनी आतून उघडून बाहेर पडायचं, ते दार आम्ही बनवतो. नमुन्याच्या केबिनमध्ये नेहमी तोच बसायचा, जाडजूड हातमोज्यांनी हँडल फिरवायचा आणि दार चटकन उघडायचं.

बाळंतपणाच्या रजेवरून मी परतले तेव्हा तो सुट्टीवर होता, म्हणून मीच आत बसले. हँडल निम्म्यात अडलं. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी ढिम्म. बाहेरच्यांना वाटलं मी गंमत करतेय. शेवटी त्यांनीच बाहेरून उघडलं. मला दरदरून घाम फुटलेला, आणि डोक्यात फक्त घरचं तान्हं.

फोनवर पैलवानाने सांगितलं, हँडल फिरवण्याआधी तो दुसऱ्या हाताने दार किंचित स्वतःकडे ओढतो, मग खटके मोकळे होतात. कुणी शिकवलं नव्हतं, हाताला सवय लागली होती. म्हणजे इतके महिने पास होत होता तो पैलवान, दार नव्हे.

साहेब म्हणाले, बाळंतिणीच्या अंगात जोर कुठून असणार, विश्रांती घ्या.

"अंतराळातून परतलेल्या माणसाच्या अंगात तरी कुठून असणार, सर?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला घरी बसवलं. पैलवानानेही सांगून पाहिलं, त्यालाही गप्प केलं.

माझे धाकटे दीर अंतराळवीरांच्या तुकडीत आहेत. सोमवारी त्यांना खऱ्या यानात बंद करून, आत धूर सोडून सराव होणार आहे. त्या यानालाही हेच दार आहे आणि ते त्यांनी कधी उघडलेलं नाही. मी बोलले तर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला पाळणा कुरकुरला तरी धसका बसतो." सासूबाई हसल्या, नवराही हसला. आता ते सरावाच्या मुक्कामी गेलेत आणि तिथे फोन काढून घेतात.

तुमच्यापैकी कुणाचं तिकडे जाणंयेणं असेल, तर सोमवारच्या आत त्यांना गाठा. दार आतून, आपल्या हातांनी, एकदा तरी उघडून पाहिलंत का, एवढं विचारा. वहिनीने विचारलंय म्हणा. ते हसतील. हसू द्या, पण उत्तर घेतल्याशिवाय निघू नका.