नको तितका सुबक शिक्का

साथ आली तेव्हा सरकारनं पहिल्याच आठवड्यात अकरा आदेश काढले, आणि त्यातले निदान चार तरी एकमेकांच्या उरावर बसलेले होते. घराबाहेर पडू नये, पण रोज चालावं. दुकानं उघडी ठेवावीत, पण गिऱ्हाईक आत घेऊ नये. पासष्टीच्या वरच्यांना कुणी भेटू नये, पण पासष्टीच्या वरच्यांची काळजी घ्यावी. ती कशी घ्यायची, लांबून ओरडून की काय, ते आदेशात नव्हतं. शहराच्या मधून नदी, नदीवर एकच पूल, आणि पुलावर आता पोलिसांचा नाका बसला. अलीकडच्यानं पलीकडे जायचं तर परवाना पाहिजे. परवान्याचा कोरा फॉर्म कुठंही मिळायचा, पोरं त्याची विमानं करून उडवायची. सगळं अडत होतं ते त्यावरच्या गोल शिक्क्यापाशी.

आणि तो शिक्का बनवला होता कुणी? आपल्या शिक्केवाल्यांनी!

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. तीस वर्षं हा गृहस्थ रबरी शिक्के करत होता. 'पोहोचले', 'रद्द', 'मूळ प्रत पाहिली', जे म्हणाल ते. कोरायचं ते शिक्केवाल्यांनी, आणि रबर लाकडी मुठीला चिकटवायचं ते त्यांच्या बायकोनं. वर्तुळ पुरतं मिटलेलं, ओळ सरळ, अक्षर न् अक्षर सुटं, असा त्यांचा खाक्या. कुठं वाकडा ठसा दिसला की तो पुन्हा मारायला लावायचे. दवाखान्यात गेले तरी आधी चिठ्ठीवरचा शिक्का बघणार आणि मग कुठं दुखतंय ते सांगणार.

सरकारचे चाळीस शिक्के त्यांनी वेळेत करून दिले आणि नमुन्याचं जादा रबर कचेरीतल्या कारकुनासमोर कात्रीनं कापून टाकलं. कारकून जांभई देत होता. त्याला काही पडलेली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून दारात रांग. सगळ्यात पुढे शेजारचा रेडिओ. खरं नाव काहीतरी वेगळं होतं, पण सकाळी सातला गॅलरीत उभा राहून नवा आदेश मोठ्यानं वाचायचा आणि आठपर्यंत सरकारला शिव्या घालायच्या, असा त्याचा कार्यक्रम असल्यामुळे सगळे त्याला रेडिओच म्हणायचे. "ही हुकूमशाही आहे! मी एकही नियम मानणार नाही!" असं गर्जून खाली यायचा आणि शिक्केवाल्यांच्या कानाशी लागायचा, "एक बारीकसा ठसा मारून द्या ना हो. पलीकडे जरा गळ टाकून बसावं म्हणतो."

"बाहेर व्हा," शिक्केवाले म्हणायचे.

एकीला केस रंगवायला जायचं होतं. एकाला बायकोपासून लांब कुठंही जायचं होतं. सगळ्यांना एकच उत्तर: बाहेर व्हा. शिक्केवाल्यांची मान त्या आठवड्यात दोन बोटं ताठ झाली होती. आख्ख्या गावात नियम पाळणारा आपण एकटाच, असं त्यांना वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

मग एका दुपारी बायकोनं विचारलं.

तिची आई पलीकडच्या तीरावर एकटी राहायची. वय शहात्तर, निवृत्त मुख्याध्यापिका, जीभ अजून वर्गावरच होती. साथ यायच्या आदल्याच दिवशी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. डावा तर कधीच गेलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं की महिनाभर सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, चुकले तर हाही डोळा हातचा जाईल. थेंब घालणारी शेजारीण आपल्या लेकाकडे निघून गेली, आणि म्हातारीचा हात कापायचा. स्वतः घालायला गेली की अर्धी बाटली कानात.

बायको कचेरीत जाऊन आली होती. खिडकीतली बाई म्हणाली होती, "डोळ्यात थेंब घालणं तातडीत बसत नाही."

"आणि डोळा गेला तर?"

"तर बसतं. मग दाखला घेऊन या."

शिक्केवाल्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण ती पुढे म्हणाली, "अहो, तुम्ही एक शिक्का करा," आणि ते एकदम खुर्चीत ताठ झाले. तीस वर्षं, म्हणाले. एक खोटा ठसा नाही, म्हणाले. आज घरच्यांसाठी केला तर उद्या त्या रेडिओला कोणत्या तोंडानं हाकलू, म्हणाले. पुन्हा अर्ज करू, रीतसर.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं."

भांडली असती तर परवडलं असतं. एकोणतीस वर्षांच्या संसारात ते 'बरं' त्यांनी तीनदाच ऐकलं होतं, आणि तिन्ही वेळा ते महागात पडलं होतं.

त्यानंतर घरात बोलणं बंद. बायको सकाळ-संध्याकाळ पिशवी घेऊन दुधाच्या रांगेत जायची. रांगाच तशा होत्या, तीन-तीन तास. परत यायची ती रिकामी पिशवी घेऊन, आणि भिंतीला सांगायची, "संपलं." शिक्केवाले काळा चहा पीत बसायचे. ताटात रोज अर्धाच बटाटा यायचा. टंचाई आहे बहुतेक, त्यांना वाटायचं. विचारायची सोय नव्हती.

नवव्या दिवशी त्यांनी सासूबाईंना फोन लावला. "डोळा कसा आहे?"

"आहे जागेवर," सासूबाई म्हणाल्या. "तुमची प्रतिष्ठा कशी आहे, जावईबापू?" आणि फोन ठेवून दिला.

शिक्केवाल्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. ते दुकानात जाऊन बसले. पंचविशीत दुकान काढलं तेव्हा चार महिने कुत्रं फिरकलं नव्हतं. पहिलं काम दिलं ते याच बाईनं, शाळेचा शिक्का. तेव्हा त्या सासूबाई नव्हत्या, त्यांची मुलगीही शिक्केवाल्यांनी पाहिलेली नव्हती. तो शिक्का चांगला तिरका झाला होता. वर्तुळ एका बाजूला उघडं. त्यांनी शरमेनं परत मागितला, तर बाई म्हणाल्या, "राहू द्या. काम करतोय तो." आणि निवृत्त होईपर्यंत पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर तोच हाणला. त्या बाईचा डोळा जायची वेळ आली आहे, आणि आपण काय जपतोय? शिक्केवाल्यांना स्वतःची लाज वाटली. नुसती लाज नाही, रागही आला. त्यांनी दार लावलं आणि रबर काढलं.

हात गुन्हा करत होता, पण काय करत होता! अशी अक्षरं त्यांनी जन्मात कोरली नव्हती. नवं पॅड, ताजी शाई, खाली जाड वर्तमानपत्राची गादी. ठसा असा उमटला की क्षणभर ते बघतच राहिले. संध्याकाळी बायको रांगेला निघायच्या तयारीत असतानाच त्यांनी परवाना खिशात घातला, घरातली थेंबांची दुसरी बाटली घेतली आणि नाका गाठला.

पुढे कोण, तर रेडिओ! हातात गळ. त्याच्या परवान्यावर चहाच्या कपाच्या बुडाचा गोल होता आणि मधे जांभळा अंगठा. शिपायानं बघितलं न बघितलं केलं आणि म्हणाला, "जा."

शिक्केवाल्यांनी आपला कागद दिला. शिपायानं तो बघितला. उजेडात धरला. मग दुसऱ्या शिपायाला बोलावून दाखवला.

"काका, हा खोटा आहे."

"कशावरून?"

"अहो, वाचता येतोय!" शिपाई म्हणाला. "पंधरा दिवस इथं उभा आहे मी. कचेरीतलं पॅड वाळलंय, ते त्यात पाणी घालतात आणि गुडघ्यावर कागद ठेवून ठसा मारतात. अर्धा चंद्र येतो, तोही फिका. पूर्ण गोल मी आज पहिल्यांदा बघतोय. फसवायचं तर जरा अभ्यास करून यावं माणसानं."

"अहो, हा शिक्का मीच…" शिक्केवाले बोलून बसले आणि तिथंच थांबले. मीच केलाय म्हणावं तर दोन्ही अर्थांनी खरं होतं.

"वय बघून सोडतो. दहा उठाबशा काढा आणि घरी जा."

आणि म्हणून ज्या माणसानं आयुष्यात रांग मोडली नव्हती तो माणूस भर पुलावर कान धरून उठाबशा काढू लागला. चौथीला गुडघा वाजला. पाचवीला मागून ओळखीची पिशवी आली.

बायको! दुधाच्या रांगेत असलेली बायको. तिनं त्यांच्याकडे बघितलं, पापणीसुद्धा न हलवता शिपायाला परवाना दिला.

"हे बघा काका, याला म्हणतात सरकारी शिक्का," शिपाई म्हणाला आणि त्यांच्या नाकासमोर कागद धरला. "या ताई दिवसातून दोनदा जातात. शिका काहीतरी."

शिक्केवाल्यांनी बघितलं. अर्धा चंद्र. फिकट, कडेला पाणी सुटलेलं. रबराला असं पाणी सुटत नाही. रबराला कधीच असं पाणी सुटत नाही. आणि मग त्यांना अर्धे बटाटे आठवले, नऊ दिवसांचे.

"जाऊ द्या हो त्यांना," बायको शिपायाला म्हणाली. "कुणाचं तरी माणूस असेल. गुडघे दुखत असतील." आणि जाता जाता तिनं त्यांच्या खिशातून डोकावणारी थेंबांची बाटली अलगद काढून घेतली, पिशवीत टाकली आणि पूल उतरून गेली.

ती परतली तेव्हा शिक्केवाले स्वयंपाकघरात गुडघ्याला शेक देत बसले होते.

"दूध?" त्यांनी विचारलं.

"संपलं," ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू फुटलं. हसता हसता तिच्या डोळ्यातून घळाघळा पाणी आलं. "एकदा पकडतील, एकदा पकडतील असं रोज वाटायचं हो मला."

"मला सांगायचंस ना."

"सांगितलं होतं की."

"बटाटा दाखव," ते म्हणाले.

तिनं ओल्या फडक्यात गुंडाळलेला अर्धा बटाटा आणून दिला. त्यांनी भिंग लावलं. खाचा वरवरच्या, काठ दातानं कुरतडल्यासारखे. "मुठी चिकटवता चिकटवता शिकलीस," ते म्हणाले, "पण सुरी धरायला शिकली नाहीस."

"एका दिवसात सुकतो. रोज नवा करावा लागतो." तिनं हात पुढे केला. दोन बोटांना पट्ट्या होत्या, तिसऱ्याचं सालटं गेलेलं. नऊ दिवस ती बोटं त्यांच्या ताटात वाढत होती आणि त्यांनी एकदाही वर बघितलं नव्हतं. शिक्केवाल्यांनी तो हात बराच वेळ सोडला नाही.

मग त्यांनी नवा बटाटा घेतला आणि सुरीला धार लावली.

पहिला ठसा बायकोनं बघितला आणि बाजूला सारला. "सरळ आलाय. उठाबशा काढाल." दुसरा. "गोल मिटलाय." तिसऱ्याला ते घामाघूम झाले. हात ऐकेचना. चूक करायला गेलं की बोटं आपोआप सावरायची. शेवटी त्यांनी सुरी डाव्या हातात घेतली. आठव्या बटाट्याला बायको म्हणाली, "हा चालेल." तीस वर्षांत इतकं मेहनतीचं काम त्यांनी केलं नव्हतं, असं ते नंतर सांगायचे. त्यांच्या घरी चार दिवस नुसते बटाटे शिजत होते.

त्यानंतर रोज एक. ती जायची, ते कोरायचे. रेडिओला त्यांनी आता हाकललं नाही, नुसतं विचारलं, "मासे मिळाले का?" तो बिचारा गोंधळून गेला.

महिना भरला त्या दिवशी शेवटचे थेंब घालायला शिक्केवाले स्वतः निघाले. शिपायानं त्यांना ओळखलं, डोळे बारीक केले आणि कागद हातात घेतला. अर्धा चंद्र, चांगला तिरका, एका बाजूला उघडा.

"आता कसं!" शिपाई म्हणाला. "बघा काका, रीतसर गेलं की काही अडत नाही."

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी थेंब घालून घेतले, पाच मिनिटं डोळा मिटून राहिल्या. मग उघडला आणि हात पुढे केला. "परवाना बघू."

"कशाला आता?"

"मुख्याध्यापिका आहे मी. कागद तपासल्याशिवाय कुणाला आत घेत नाही."

त्यांनी कागद उजव्या डोळ्याजवळ नेला, मग हातभर लांब धरला. बाईंची नजर त्या फिकट चंद्राच्या कडेकडेनं हळूहळू फिरत गेली आणि जिथं वर्तुळ उघडं होतं तिथं येऊन थांबली.

"हा मुलीचा हात नाही," त्या म्हणाल्या. "हा तुमचा. माझ्या शाळेचा पहिला शिक्का अगदी इथंच उघडा होता."

"परत करू का?" शिक्केवाल्यांनी कसंबसं विचारलं.

"राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "काम करतोय तो."